दांड्यावरची रेघ

मोटार वर उचलून ठेवलेली होती, कुणी हात लावला नव्हता, तरी ती खाली आली. आधी एक सुस्कारा ऐकू आला, झोपेतलं माणूस कूस बदलताना सोडतं तसा. मग नावेच्या मागच्या फळीवरचं ते काळं जड धूड हळूहळू वीतभर उतरलं आणि त्याचं पातं काठाच्या दगडावर टेकलं. टक. एवढाच आवाज. पण तो धक्का नावेच्या लोखंडी तळातून हसीनाबीच्या तळपायाला लागला आणि तिथून अंगात कुठं गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. ती नाव पुसायला आली होती. तीन महिने नाव जागची हलली नव्हती, पण ती रोज येऊन पुसायची. पुसलेली नाव उद्या चालणार आहे असं बघणाऱ्याला वाटतं. आज बघणारा काठावर उभाच होता. खात्याचे ओव्हरसियर बलभीमराव, हातात कागद घेऊन.

"बघितलंत का हसीनाबी," ते म्हणाले, "तिला पण कळलं साहेब येणार म्हणून. पायाच पडली."

ती हसली नाही. बलभीमराव वाईट माणूस नव्हते. तीन महिने त्यांनीच झाकून घेतलं होतं. "शुक्रवारी मोठे साहेब येतायत. मिस्त्रीनं नाव चालवून दाखवायची, असं लिहिलंय. मी तरी किती दिवस लिहू, मोटार नादुरुस्त, मोटार नादुरुस्त? साहेब म्हणतात, मोटार नादुरुस्त आहे का मिस्त्री नादुरुस्त आहे, ते मी डोळ्यांनी बघतो."

"आज कोणता वार?"

"मंगळवार. सोलापूरचा फिटर बोलवू का? जॅक उघडला की कळंल काय झालंय ते."

"नको," ती म्हणाली. इतक्या घाईनं म्हणाली, की बलभीमरावांनी कागदावरून मान वर केली. "म्हंजे, हे करतील की. डावा हात चांगलाय त्यांचा. मी हाय हाताखाली."

जॅक उघडला की कळेल. हेच तर तीन महिने तिच्या छातीवर बसलेलं होतं. घास गिळताना बसायचं, झाडताना बसायचं, नवऱ्याच्या लुळ्या बोटांना तीळतेल चोळताना तर जास्तच. तेल हा शब्दच तिला नकोसा झाला होता.

अणदूरच्या पुढं नदी अडवून तलाव झाला, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. पाण्याखाली एक गाव गेलं होतं, त्याच्या भिंती अजून पुरत्या ढासळल्या नव्हत्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चावडीची भिंत नावेच्या अगदी पोटाशी यायची, आणि नाव तिच्यावरून जाताना मोटार उचलून घ्यावी लागायची, नाहीतर पातं भिंतीवर आपटून त्याचे तुकडे व्हायचे. एवढ्यासाठी तो जॅक होता: मागच्या फळीला बसवलेलं हातभर लांब लोखंडी नळकांडं, त्यात तेल, त्यातून वर येणारा चकचकीत दांडा. हँडल मारलं की तेल दांड्याला वर ढकलायचं आणि दांडा मोटारीला. नाव जुनीच होती, कुठल्याशा बंदरावर वापरून टाकलेली, खात्यानं लिलावात घेतलेली. ती चालवणारा तिचा नवरा, गफार मिस्त्री, तोही तसा जुनाच. निजामाच्या मोटारखात्यात लागला, मग मुंबई सरकारचा झाला, मग महाराष्ट्राचा. बिल्ले बदलले, बड्या साहेबांची भाषा बदलली, याच्या हातातला पाना तोच राहिला. तो म्हणायचा, सरकार कुणाचंबी असू दे, नटाला आटे उजवीकडंच. आता त्याचा उजवा हात खाटेवरून खाली लोंबकळायचा, कुणी विसरून गेलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा, आणि तो त्याच्याकडे बघायचाही नाही. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. जीभ जड होती हे खरं, पण हसीनाबीला ठाऊक होतं, जिभेपेक्षा जड दुसरंच काहीतरी आहे. मागच्या आठवड्यात तिनं चहाची बशी त्याच्या ओठाशी धरली, तेव्हा त्यानं डाव्या हातानं ती बाजूला सारली आणि एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत म्हणाला, "आता... माझ्यासाठी... चूल पेटवू नको." तिनं विचारलं, का? तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवसापासून ती तलावाच्या बाजूच्या दाराची कडी आतून लावून घेत होती.

शुक्रवार चुकला तर नोकरी जाईल, खात्याचं क्वार्टर जाईल, हे तिला कळत होतं. लोहाऱ्याला लेक दिलेली होती, सायरा. तिच्याकडे जाऊन राहता आलं असतं, लाजत का होईना. पण गफार लोहाऱ्याला पोचणार नव्हता. नाव गेली की तो जाणार होता, कुठं, कसं, ते तिला त्या कडीकडे बघितलं की दिसायचं.

दुपारी तिनं त्याला धरून आणून काठावरच्या बाभळीखाली बसवलं आणि स्वतः पान्यानं जॅकचं झाकण सोडवायला लागली. तो कुठं उलटं फिरवतेस असं म्हणाला नाही, बरोबर आहे असंही म्हणाला नाही. वैशाखाचं ऊन होतं, लोखंडाला हात लावला की चटका बसत होता. झाकण फिरलं, सुटलं, आणि तिनं ते उचललं तसा तिच्या नाकात तिच्याच घरातला वास शिरला. भजी तळून झाल्यावर कढईत राहतो तो. खवट, गोडसर, ओळखीचा. करडईचं तेल. आत तेल उरलं नव्हतंच. पिवळट तपकिरी चिकट राळ होती, काडी घातली तर काडी उभी राहत होती. नळकांड्याच्या तळाशी तेल अडवून धरणारा चामड्याचा वायसर, वाटीच्या आकाराचा, त्या राळेत चिकटून मधोमध फाटलेला. ती तशीच वाकून राहिली. उठून उभं राहिलं तर गफारला तिचं तोंड दिसलं असतं.

कारण ते तेल तिनंच ओतलं होतं. दिवाळी होऊन गेली होती, खात्याचं तेल येतो येतो म्हणत आलं नव्हतं, जॅक कोरडा पडत चालला होता. गफार म्हणाला होता, काहीतरी भरायला पायजे. आणि ती घरात जाऊन बरणी घेऊन आली होती. ती एवढी खुशीत का होती त्या दिवशी? सकाळचं कोवळं ऊन होतं, पाण्यावर बगळे होते, आणि बरणी तिरपी धरून तेलाची सोनेरी धार नळकांड्यात सोडताना ती आपणहून बोलायला लागली होती. अब्बा म्हणायचे, चामड्याला करडईसारखं दुसरं तेल न्हाई. मोट बघा, आयुष्यभर पाण्यात ऱ्हाती, कशावर? करडईवर. बंबाचा वायसर असू दे, मोटेची सोंड असू दे, करडई पाजली की चामडं मऊ ते मऊ.

तिचे अब्बा सादिक मिस्त्री. उस्मानाबादेत, शुक्रवार बाजाराच्या मागच्या बोळात, विहिरीचं पाणी उपसायच्या हातबंबांना लागणारे चामड्याचे वायसर करायचे. मुलगा नव्हता, म्हणून हसीनाच त्यांचा उजवा हात. चामडं रात्रभर भिजत घालायचं, बाभळीच्या लाकडी साच्यात दाबून बसवायचं, उन्हात कडक वाळवायचं, कडा वस्तऱ्यानं कापायच्या आणि मग तेल पाजायचं. ते तिला म्हणायचे, तुझ्या बोटांना डोळे आहेत. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली एका सकाळी ते वायसरांची माळ खांद्यावर टाकून घरातून निघाले, ते परत आलेच नाहीत. माळही आली नाही. पंधरा दिवस आई उंबऱ्यावर बसली, मग आत आली. त्यानंतर घरात कुणी त्यांचं नाव काढलं नाही. हसीनाचं लग्न झालं, सायरा झाली, एकोणीस वर्षं गेली. दोन लाकडी साचे तेवढे ट्रंकेच्या तळाशी, ओढणीत गुंडाळलेले. तिनंही नाव काढलं नाही. नाव काढलं की उंबरा दिसतो.

पण बंबात विहिरीचं गार पाणी असतं. इथं नळकांडं दिवसभर उन्हात तापायचं. करडई तापली, वारा लागला की काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणावं? कढवून, आटवून तिचं रोगण होतं, मोटेवर चढवतात ते. तिनं स्वतः लहानपणी ढवळलेलं होतं. तिच्या बोटांना डोळे होते, आणि त्या डोळ्यांनी पाहिलेलं ती विसरली. शिमग्याच्या आधी जॅक अडला. बाजारकरी माणसं नावेत बसलेली, चावडीची भिंत समोर आलेली, आणि गफार दोन्ही हातांनी हँडल ओढत होता, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. मोटार उचलली त्यानं. भिंत चुकवली. आणि मग बसल्या जागी उजवीकडे कलंडला. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा जोर. सगळे म्हणाले, नशीब. ती म्हणाली नाही काहीच. बरणी मात्र तिनं त्याच संध्याकाळी विहिरीमागं नेऊन फोडली.

रॉकेलनं राळ धुवायला बुधवारची सकाळ गेली. तोवर तिनं ठरवलं होतं, वायसर मीच करायचा. फिटर आला तर वास घेईल, वास घेतला तर लिहील, लिहिलं तर गफारच्या नावावर लिहील. दुपारच्या आत ती नव्या वस्तीवर सिद्धम्माच्या दारात उभी राहिली. सिद्धम्मा सत्तरीची, कपाळावर भस्माचे पट्टे, तलावात जमीन आणि विहीर दोन्ही गेलेली. पण विहिरीची मोट तिनं नव्या घरी आणून आढ्याला टांगली होती. विहीर नसलेल्या घरात मोट, वस्तीतली पोरं हसायची.

"मोटेची सोंड पायजे होती, अव्वा," हसीनाबी म्हणाली. "सगळी न्हाई. वीतभर."

"कशाला ग? नवऱ्याला उकळून पाजतीस का?"

"नावेला पायजे."

सिद्धम्मानं आढ्याच्या मोटेकडे बघितलं. "माझ्या सासऱ्यानं शिवून आणली व्हती ही. अक्कलकोटच्या बाजारातनं. दोन बैलं लागायची वडायला." मग तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "विहीर पाण्यात बुडाली, असं कुणाच्या ऐकण्यात तरी हाय का? पाण्यानं विहीर खाल्ली. ने. काप. पण मला एकदा नावेतनं ने तिच्यावरनं. कुठं हाय ते मी बरोबर सांगते, वरनं काय दिसत नसलं तरी."

"नाव चालली तर नेते."

"चालंल की. न चालाया काय झालं, माणूस हाय का ते?"

चामडं जुनं होतं, पण रोगण पिऊन पिऊन शिंगासारखं चिवट. तिनं ते गरम पाण्यात टाकलं, ट्रंक उघडली, ओढणी सोडली. साच्यांना अजून बाभळीचा वास येत होता, किंवा तिला तसा वाटला. मोठा साचा फारच मोठा निघाला. धाकटा जवळजवळ बरोबर, दोऱ्याएवढा लहान. फक्त दोऱ्याएवढा. ती साचा नळकांड्याच्या तोंडाशी धरून कितीदा तरी फिरवत राहिली, जसं काही फिरवल्यानं लाकूड वाढेल. चामडं तेल पिऊन फुगेल, तिनं स्वतःला सांगितलं. फुगतं ना, अब्बा? चामडं फुगतंच. एकोणीस वर्षांत तिनं त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर येणार नव्हतं, म्हणूनच कदाचित विचारता आला.

गुरुवारी दुपारी वायसर वाळून खणखणीत झाला. तिनं कडा कापल्या. खात्याचं तेल चैतातच आलं होतं, डब्याचं सील तसंच. ते फोडलं, वायसर त्यात बुडवला, दांड्याला बसवला, नळकांड्यात तेल भरलं, झाकण आवळायला घेतलं. गफार बाभळीखालून बघत होता. झाकणाचा शेवटचा आटा बसेना तेव्हा तो उठला. काठी टेकत, पाय ओढत आला, नावेत उतरला, आणि डाव्या हातानं पाना तिच्या हातातून काढून घेऊन त्यानं तो आटा बसवला. मग हँडल धरलं. एकदा. दोनदा. दांडा वर आला, ओला, चमकत; मोटार उचलली गेली, पाण्याबाहेर निथळत उभी राहिली. तिनं खडूनं दांड्यावर रेघ ओढली, नळकांड्याच्या तोंडापासून बरोबर एक बोट वर. आणि दोघं त्या रेघेकडे बघत बसली. मोटार उतरायला लागली तर रेघ तोंडाकडे सरकणार होती. ऊन कललं. धरणाच्या भिंतीची सावली पाण्यावर पुढं पुढं आली. रेघ होती तिथं होती. निदान तिला तसं दिसत होतं. एकटक बघितलं की सगळंच हलतं.

"वास," गफार म्हणाला.

तिला वाटलं, रॉकेलचा.

"वास मला... पहिल्याच दिवशी आला होता."

तिनं हातातला खडू कमरेला खोचला. पाण्यावर एक बुडबुडा आला आणि फुटला.

"करडईचा," तो म्हणाला. "तू वतीत होतीस तवाच... मला ठाव होतं. गोठणार म्हणून."

"मग वतून टाकायचं होतं की," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "मला सांगायचं होतं. तीन म्हैने मी... तीन म्हैने तुमाला दिसत न्हवतं का माझं काय चाललंय ते? बोलला का न्हाईत तवाच?"

त्याची जीभ तोंडात शब्द शोधत राहिली. सापडला तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू अब्बांचं सांगत होतीस."

"काय?"

"एवढ्या सालात... पैल्यांदा. नाव घेत होतीस. हसत होतीस. मी म्हणलो, असू दे. उद्या काढून टाकू." आणि रेघेकडे बघत, "मग रोजच... उद्या म्हणलो."

तिला त्याला मारावंसं वाटलं. खरोखरच हात उचलावासा वाटला, त्या चांगल्या डाव्या हातावर, त्या शहाण्या, मुक्या, मूर्ख माणसावर. एक शब्द. वास येतोय, हसीना, हे टाकून दे. एवढाच. तिनं बरणी उलटी केली असती, थोडी हिरमुसली असती, संध्याकाळी विसरली असती. आणि हा हात हात राहिला असता. तीन महिने ती म्हणत होती, मी केलं. आता तिला कळेना, कुणी केलं. तिच्या हसण्यानं? खांद्यावर माळ टाकून गेलेल्या माणसानं? ज्यांनी त्यांना परत येऊ दिलं नाही त्यांनी? ती धार ओतणारी बाई तिला आता दुरून दिसत होती, सकाळच्या उन्हात, बरणी तिरपी धरून बोलणारी, आणि तिच्याकडे बघत गप्प बसलेला पुरुष. ते दोघं फार सुखात दिसत होते. त्यांना हाक मारावी असं तिला वाटलं.

शुक्रवारी साहेब आले. उंच, घामेजलेले, पायात पॉलिश केलेले बूट. बलभीमरावांनी आधार दिला तरी नावेत उतरताना त्यांचा एक बूट भिजलाच. गफार डाव्या हातात मोटारीची मूठ धरून ताठ बसला होता. उजवा हात हसीनाबीनं सकाळीच त्याच्या मांडीवर नीट मांडून ठेवला होता, वर टोपी ठेवली होती, उकडतंय म्हणून काढून ठेवावी तशी. मोटार सुरू झाली. नाव निघाली. ती काठावर राहिली. शेजारी सिद्धम्मा येऊन उकिडवी बसली, न बोलावता.

"आता आमच्या बांधावरनं गेली," सिद्धम्मा म्हणाली. "आता चिंचंवरनं."

हसीनाबीला नाव दिसत नव्हती, पाणी चकाकत होतं. ऐकू येत होतं तेवढंच. मोटार पाण्यात खोल असली की घोगरी वाजते, उचलली की चिरकी. घोगरा आवाज दूर दूर जात होता, सरळ, चावडीकडे. अजून घोगराच. आता उचलायला हवी. आता. तिची बोटं आपोआप वळली, जणू हँडल तिच्याच मुठीत होतं.

"आता चावडी," सिद्धम्मा म्हणाली.

आवाज चिरका झाला. उंच, कर्कश, लेकराच्या रडण्यासारखा, आणि तसाच राहिला, तसाच, तसाच. मग पुन्हा घोगरा झाला, भिंतीच्या पलीकडे. हसीनाबी खाली बसली. सिद्धम्मानं तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. "माझी विहीर त्याच्या पल्याड हाय," ती म्हणाली. "मला कवा नेतीस ते सांग."

परत येताना गफारनं काठाजवळ मोटार उचलून घेतली, रेघेपर्यंत. साहेब उतरले, रुमालानं बूट पुसला आणि बलभीमरावांना म्हणाले, "ठीक आहे. चालू द्या. दिवाळीनंतर पुन्हा बघू." दोघं जीपकडे बोलत गेले. साहेबांनी गफारकडे एकदाही बघितलं नव्हतं, जॅककडेही नाही. त्यांना वाटेत तहान लागली होती, एवढंच बलभीमरावांनी नंतर सांगितलं. जीप गेली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

गफार नावेतून उतरला नाही. मोटारीकडे पाठ करून, तोंड तलावाकडे करून तो बसला होता. सदरा पाठीला चिकटला होता.

"रेघ बघ," तो म्हणाला. "मला बघवत न्हाय."

ती नावेत उतरली आणि वाकली. दांडा ओला होता. रेघेवर तेलाचा एक ओघळ येऊन थांबला होता. तिनं नळकांड्याच्या तोंडाशी बोट आडवं धरलं. बोट बसलं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी जागा कमी झाली होती. चामडं फुगलं होतं, पण दोऱ्याएवढं नाही.

"उतरली का?"

ती मोजत राहिली. एवढ्या वेळात दाणाभर, म्हणजे आवसेपर्यंत किती, पावसाळ्यापर्यंत किती, दिवाळीपर्यंत. तिच्या समोर त्याची पाठ होती, श्वासाबरोबर हलणारी, उत्तराची वाट बघणारी.

तिनं पदराच्या टोकानं रेघ पुसली. कमरेला खोचलेला खडू काढला, तोंडापासून एक बोट मोजलं आणि तिथं नवी रेघ ओढली.

"न्हाई," ती म्हणाली. "हाय तिथंच हाय."

लोखंडावर खडूचा आवाज झाला होता. अगदी बारीक, पण काठावर तेव्हा दुसरा कसलाच आवाज नव्हता. गफारनं मागं वळून बघितलं नाही.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि डावा हात तिच्याकडे केला, उठवायला.